भूमीतील दूषीविष : सेंद्रिय खते आणि कीटकनाशकांचे अवशेष

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाची कारणे सांगताना वायू, उदक, देश आणि काल या चार भावांची विकृती वर्णिली आहे. यांपैकी ‘देश’ म्हणजे भूमी. सुश्रुताचार्यांनीही सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात कृमी, विष, शस्त्र, अग्नी इत्यादींनी उपहत न झालेली औषधीच ग्राह्य मानली आहे. आज हा ‘विष’ शब्द वाचताना शेतातील फवारणी पंप डोळ्यांसमोर येतो.

काही वर्षांपूर्वी एका शेतकरी रुग्णाने मोठ्या स्नेहाने स्वतःच्या शेतातील अश्वगंधेची मुळे आणून दिली. चौकशी करता समजले की, त्या जमिनीत आदल्या हंगामापर्यंत कपाशी होती व तिच्यावर वारंवार फवारण्या झाल्या होत्या. ती मुळे मी औषधात वापरली नाहीत. परंतु ‘मग जमीन शुद्ध कशी करू?’ या त्याच्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

अवशेषांचे स्वरूप

सर्व कीटकनाशके जमिनीत सारखी वागत नाहीत. मोनोक्रोटोफॉससारखे सेंद्रिय फॉस्फरसयुक्त द्रव्य अत्यंत विषारी असले, तरी ते मातीत तुलनेने लवकर विघटित होते. त्याचा धोका मुख्यतः फवारणाऱ्यास असतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे आपण विसरू शकत नाही. याउलट डीडीटी, बीएचसी यांसारखी क्लोरीनयुक्त द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, मेदात मात्र विरघळतात व मातीत वर्षानुवर्षे टिकतात. शेतीतील डीडीटीचा वापर भारतात 1989 मध्ये व बीएचसीचा 1997 मध्ये बंद करण्यात आला. एंडोसल्फानवर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. तथापि वापर थांबला म्हणजे अवशेष संपले, असे होत नाही.

अल्पवीर्य होऊन शरीरात दीर्घकाळ दडून राहणारे व अनुकूल कारण मिळताच प्रकोप पावणारे विष म्हणजे दूषीविष. जमिनीतील या अवशेषांना ही संज्ञा उपमा म्हणून लावता येईल. ते मातीच्या कणांत दडून राहतात आणि पाऊस, मशागत किंवा पीकबदल यांच्या निमित्ताने पुन्हा पाण्यात व वनस्पतीत येऊ शकतात. मूळ व कंद हे प्रयोज्यांग असलेल्या औषधींचा मातीशी दीर्घकाळ थेट संबंध येतो, म्हणून त्यांच्याबाबत विशेष दक्षता हवी.

सेंद्रिय द्रव्यांचे कार्य

सेंद्रिय खत तीन प्रकारे उपयोगी पडते. पहिला प्रकार धारणाचा. कुजलेल्या खतातील ह्यूमस अनेक कीटकनाशकांना आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. त्यामुळे ती भूजलात झिरपणे व मुळांत शिरणे कमी होते. दुसरा प्रकार पचनाचा, आणि तोच खरा शोधनाचा होय. खतामुळे सूक्ष्मजीवांना आहार मिळून त्यांची संख्या वाढते व त्यांतील काहींची विकरे विषाचे रासायनिक बंध तोडतात. फिलिपाईन्समधील भातखाचरांच्या अभ्यासातून डायझिनॉन व पॅराथिऑन यांचे विघटन करणारा जीवाणू भारतीय शास्त्रज्ञ सेतुनाथन व त्यांचे सहकारी योशिदा यांनी 1973 मध्ये वर्णिला. तिसरा प्रकार म्हणजे जमिनीची घडण सुधारणे. भुसभुशीत मातीत ओलावा व हवा दोन्ही राहतात आणि सूक्ष्मजीवांचे कार्य अखंड चालते. जणू भूमीचा अग्नी प्रदीप्त झाला, म्हणजे आमाचे पचन होते.

प्रत्यक्ष उपाययोजना

प्रथम माती परीक्षण करावे. सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्यांहून कमी असल्यास जमीन निर्बल समजावी. पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट हेक्टरी 5 ते 10 टन याप्रमाणे दरवर्षी द्यावे. ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमारास जमिनीत गाडावा. कंपोस्ट करताना कार्बन व नत्र यांचे प्रमाण साधारण 30 : 1 ठेवावे. पाचोळा, काडीकचरा व शेण यांचे योग्य मिश्रण केल्यास हे साधते. यवतमाळ जिल्ह्यातीलच पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप पद्धत यासाठी सोयीची आहे. तिच्यात जाळीदार विटांच्या टाक्यात थोड्या शेणापासून तीन-चार महिन्यांत पुष्कळ खत तयार होते.

मर्यादा

येथे अतिशयोक्ती टाळणे आवश्यक आहे. धरून ठेवणे म्हणजे नष्ट करणे नव्हे. लाकडी कोळशापासून केलेला बायोचार विषाला घट्ट बांधतो, परंतु त्यामुळे काही द्रव्यांचे विघटन उलट मंदावते. दुसरे असे की, फवारलेल्या पिकाचाच काडीकचरा किंवा शहरी कचऱ्याचे खत वापरल्यास तणनाशके व जड धातू नव्याने शेतात येतात. डीडीटीपासून तयार होणारे डीडीई हे तर अत्यंत चिवट आहे. खत घालत असतानाच फवारणीही चालू ठेवणे हे अपथ्यसेवन करीत औषध घेण्यासारखे आहे. निदानपरिवर्जन हीच येथेही पहिली चिकित्सा होय.

वैद्यांचे कर्तव्य

केंद्र शासनाच्या सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात हंगामी पिकांसाठी दोन व बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षांचा परिवर्तनकाल धरला आहे. माझ्या त्या शेतकऱ्यास आज मी हेच सांगेन : फवारणी थांबवावी, दोन वर्षे खत व हिरवळीचे पीक द्यावे, प्रयोगशाळेत अवशेषांची तपासणी करून घ्यावी व नंतरच औषधी लावावी. ही दोन वर्षे त्याला परवडावीत, यासाठी मात्र आपणही काही केले पाहिजे. वनौषधी घेताना केवळ भाव न विचारता भूमीचा पूर्वेतिहास विचारावा व अशा शेतकऱ्याच्या मालाला योग्य मोल द्यावे. रुग्णपरीक्षेइतकीच भूमिपरीक्षाही आपल्या शास्त्राने सांगितली आहे, याचे स्मरण सर्व वैद्यबंधू-भगिनींनी ठेवावे, ही नम्र विनंती.