सागरकिनारीचे घर : आधी पावसाळा, मग समुद्र

वाशी, सानपाडा, नेरूळ येथे आज साठी ओलांडलेल्या अनेक व्यापारी कुटुंबांनी एक स्थलांतर पूर्वीच अनुभवले आहे. मशीद बंदरच्या गर्दीतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत आला, तेव्हा पेढीच्या पाठोपाठ बिऱ्हाडही खाडीपार आले. त्या स्थलांतराला व्यवहाराचे कारण होते. आता पेढी मुलांच्या हाती सोपवल्यावर दुसऱ्या स्थलांतराचे विचार घरोघरी सुरू होतात. मांडवा, आवास, सासवणे, किहीम, नागाव ही अलिबाग तालुक्यातील नावे कौटुंबिक बैठकीत ऐकू येतात. क्लबहाऊस, तरणतलाव आणि बागा असलेल्या रिसॉर्टसारख्या वसाहतींची माहितीपत्रके टेबलावर पसरली जातात. आयुष्यभराच्या बचतीचा मोठा वाटा येथे गुंतणार असतो आणि तो चुकला तर पुन्हा कमावण्याचे वय उरलेले नसते. म्हणून हा निर्णय समुद्राच्या एका दर्शनावर सोपवणे योग्य नाही.

अंतराचा आणि किमतीचा हिशेब

१२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचेही उद्घाटन झाले. या दोन्हींचा उल्लेख किनाऱ्यावरील प्रत्येक प्रकल्पाच्या जाहिरातीत असतो. परंतु वाशीच्या कुटुंबाने एक साधा प्रश्न विचारावा : यामुळे आपला प्रवास किती कमी झाला? सेतूमुळे दक्षिण मुंबईकरांना रायगड जवळ आला. वाशीहून अलिबागला जाणारा मात्र आजही पनवेल, पेण, वडखळ याच मार्गाने जातो. मुंबईकरासाठी वाढलेली किंमत वाशीकराने विनाकारण का मोजावी? करंजा आणि रेवस यांना जोडणाऱ्या खाडीपुलाची चर्चा चार दशकांहून अधिक काळ चालली. आता काम सुरू झाले असले, तरी पूल वाहतुकीस खुला होईपर्यंत त्याचे मोल घराच्या किमतीत धरू नये.

पावसाळ्यातील परीक्षा

डिसेंबरच्या सुट्टीत पाहिलेला किनारा आणि जुलैतील किनारा ही दोन वेगळी गावे असतात. अलिबाग परिसरात वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. गेटवे ते मांडवा ही प्रवासी बोटसेवा पावसाळ्यात बंद असते. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिच्या फेऱ्याही हवामानावर अवलंबून असतात. आपले पर्युषण नेमके याच ऋतूच्या अखेरीस येते. देरासर, उपाश्रय आणि व्याख्यान यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या ज्येष्ठांना त्या दिवसांत केवळ रस्त्याचाच आधार राहील, हे ध्यानात घ्यावे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, छपरे उडाली आणि अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली. ज्या गावात घर घ्यावयाचे, तेथील दुकानदाराला त्या दिवसांविषयी विचारावे. वीज किती दिवसांनी आली, दूध आणि औषधे कोठून आणली, उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खारे होते काय, या प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात नसतात.

वसाहत पाहावयाची तर ती बुधवारी रात्री पाहावी. शनिवारी दिव्यांनी उजळणाऱ्या अनेक वसाहतींत आठवड्याच्या मधल्या दिवशी पहारेकऱ्याशिवाय कोणी नसते. रात्री छातीत दुखू लागले, तर दार कोण उघडणार? अलिबाग हे जिल्ह्याचे ठिकाण असल्याने तेथे जिल्हा रुग्णालय आहे. तेथवर पोहोचण्यास लागणारा वेळ पावसात, प्रत्यक्ष मोटारीने जाऊन मोजावा.

आणखी एक गोष्ट संकोचाने टाळली जाते. या किनाऱ्यावर कोळी बांधव पिढ्यानपिढ्या राहत आहेत आणि मासळी सुकवणे हा त्यांच्या उपजीविकेचा भाग आहे. तो गंध ज्या घराला सोसवणार नाही, त्यांनी कोळीवाड्यापासून दूरची जागा आधीच निवडावी. नंतर जाऊन मूळ रहिवाशांविरुद्ध तक्रारी करणे शोभणारे नाही.

कर्ज नको, पण छाननी हवी

व्यापारी कुटुंबे असे घर बहुधा स्वतःच्या पैशाने घेतात. व्याज वाचते, हे खरे. परंतु त्याबरोबर बँकेची छाननीही टळते. कर्ज देणारी बँक साधारणतः तीस वर्षांचा मालकीचा शोध घेते, बांधकाम परवानगी तपासते आणि मूल्यांकन करवून घेते. कर्ज घ्यावयाचे नसले, तरी ही सर्व तपासणी स्वतंत्र वकिलाकडून करून घ्यावी. ज्या मालमत्तेवर बँका कर्ज देण्यास कचरतात, तेथे रोख रक्कम ओतण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

सातबारा हा महसुली अभिलेख आहे. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. जुन्या वाडीच्या उताऱ्यावर अनेक वारसांची नावे असतात. मुंबईस वा परगावी गेलेल्या बहिणींची संमती राहिली, तर वाद पुढील पिढीकडे जातो. १९४८ च्या कूळवहिवाट कायद्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना शेतजमीन खरेदी करता येत नाही. नियमाचा भंग झाल्यास व्यवहार अवैध ठरून जमीन शासनजमा होऊ शकते. दुसऱ्याच्या नावावर जमीन घेण्याचा मार्ग तर बेनामी व्यवहारांच्या कायद्यात नेऊन सोडतो.

भरतीरेषेजवळील बांधकामावर किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत. किहीम येथील एका फरारी हिरे व्यापाऱ्याचा आलिशान बंगला मार्च २०१९ मध्ये जिल्हा प्रशासनाने स्फोटके लावून पाडला. वसाहतीत घर घेताना महारेराची नोंदणी, अभिहस्तांतरणाची स्थिती आणि बहुसंख्य मालक अनुपस्थित असताना देखभाल खर्च कोण भरतो, हे पाहावे.

राहते घर विकून नवे घर घेतल्यास भांडवली नफ्यावर करसवलत मिळते. त्यासाठी विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत खरेदी, अथवा तीन वर्षांत बांधकाम करावे लागते. नुसता भूखंड घेऊन ठेवल्यास ही सवलत मिळत नाही. या मुदतींच्या धास्तीने घाईचा निर्णय होतो, म्हणून आधीचे घर विकण्याची घाईच करू नये.

वेधशाळेचा धडा

अलिबागला कसे जावे, याचा उत्तम नमुना शंभर वर्षांहून जुना आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे होत होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले आणि त्या विद्युतप्रवाहामुळे उपकरणांत अडथळा येणार, हे स्पष्ट झाले. संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागेत नवी वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली. मात्र कुलाब्याचे काम त्या दिवशी थांबवले गेले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेतली गेली, त्यांची तुलना झाली आणि मगच जुने ठिकाण सोडले गेले. अलिबागची वेधशाळा आजही कार्यरत आहे. ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आपल्या नवीन पनवेलमध्येच आहे.

कुटुंबानेही हीच रीत अंगीकारावी. वाशीचे घर कायम ठेवून किनाऱ्यावर एक वर्ष भाड्याने राहावे, त्यात एक संपूर्ण पावसाळा यावा. घर चालवणाऱ्या गृहिणीचे मत शेवटी नव्हे, तर प्रथम विचारावे, कारण शेजार, स्वयंपाकघर आणि एकटेपणा यांचा खरा अनुभव तिलाच येतो. उपचारांसाठी आणि नित्य खर्चासाठी लागणारी रक्कम बँकेत स्वतंत्र राखावी. घरात गुंतलेला पैसा अडचणीच्या दिवशी हाती येत नाही. वर्षअखेरीस दोघांनाही तेथेच राहावेसे वाटले, तर खरेदीखत अवश्य करावे. तसे वाटले नाही, तर केवळ वर्षाचे भाडे खर्ची पडले असेल आणि परतण्यासाठी आपले घर व आपली माणसे जागेवर असतील.