उत्तर आणि उकल

"दिव्याला हात जोडताच दिसला सूर्य. (४)"

मुलांनो, हे वाक्य वाचून तुमच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहते? तिन्हीसांजेची वेळ, देवापुढे लावलेला दिवा आणि त्याला हात जोडून उभी असलेली लहान मुले. परंतु सायंकाळी सूर्य कसा दिसावा? आणि शेवटी कंसात ४ हा आकडा कशासाठी? हे साधे वाक्य नव्हे. हे कोडे आहे. चार अक्षरांचा एक शब्द त्यात दडलेला आहे.

वर्तमानपत्रातील शब्दकोडी तुम्ही पाहिली असतील. साध्या शब्दकोड्यात 'सूर्य' असा अर्थ दिलेला असतो आणि त्याच अर्थाचा दुसरा शब्द आपण चौकटींत भरतो. अशा प्रकारचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वृत्तपत्रात छापले गेले. ते आर्थर विन यांनी रचले होते. पुढे हा खेळ इंग्लंडात गेला आणि तेथे त्याला निराळे वळण लागले. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर' या साप्ताहिकात एडवर्ड पॉइस मॅथर्स हे कवी अतिशय अवघड कोडी घालू लागले. त्यांनी 'टॉर्केमाडा' हे टोपणनाव घेतले होते. हे नाव स्पेनमधील एका निष्ठुर धर्मन्यायाधीशाचे! वाचकांचा छळ करण्याचा आपला हेतू त्यांनी नावातच सांगून टाकला होता. १९३० च्या फेब्रुवारीत लंडनच्या 'टाइम्स'मध्येही शब्दकोडे येऊ लागले. अशा रीतीने गूढ शब्दकोड्याची परंपरा इंग्लंडात रुजली.

गूढ कोड्यातील प्रत्येक वाक्याचे दोन भाग असतात. एक भाग उत्तराचा सरळ अर्थ सांगतो. तो नेहमी वाक्याच्या आरंभी किंवा शेवटी असतो. दुसरा भाग तो शब्द कसा घडला, हे सांगतो. दोन्ही भाग बेमालूमपणे जोडलेले असल्यामुळे वाचणाऱ्याला भलतेच चित्र दिसते. त्या चित्राला न भुलता सांधा शोधून काढणे, हेच खरे कौशल्य होय.

आता आपले वाक्य पाहू. शेवटचा शब्द 'सूर्य'. हा झाला अर्थ. राहिले 'दिव्याला हात जोडताच'. येथे हात जोडणे म्हणजे नमस्कार करणे नव्हे. 'दिवा' या शब्दाला हात या अर्थाचा शब्द जोडणे. हाताला 'कर' असेही म्हणतात. दिवा आणि कर मिळून झाला 'दिवाकर', म्हणजेच सूर्य!

शब्द लपविण्याच्या आणखीही युक्त्या आहेत. "नदी उलट वाहिली म्हणून गरीब. (२)" 'नदी' हा शब्द उलटा वाचा, 'दीन' मिळेल. "कमळातही दडलेली घाण. (२)" 'कमळ' या शब्दातच 'मळ' आहे. "मगर खवळून तापलेली. (३)" 'मगर' या शब्दाची अक्षरे खवळली, म्हणजे जागा सोडून इकडेतिकडे झाली, की 'गरम' हा शब्द तयार होतो. "देवाकडून मिळालेला नवरदेव. (२)" येथे दोन्ही भाग अर्थच सांगतात, 'वर' म्हणजे देवाचे वरदान आणि 'वर' म्हणजे नवरदेवही. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागला की शब्दाचे रूप बदलते. म्हणून 'दिव्याला' यातून 'दिवा' आणि 'कमळात' यातून 'कमळ' हा मूळ शब्द आधी मोकळा करून घ्यावा लागतो.

पहिल्या कोड्याचे उत्तर 'दिनकर' असे कोणी दिले तर? दिनकर म्हणजेही सूर्य. त्यातही अक्षरे चारच. पहिले अक्षर 'दि', शेवटी 'कर'. वरवर पाहता काहीच चुकलेले नाही. परंतु 'दिन' म्हणजे दिवस. त्यात दिवा कोठे आहे? वाक्यातील एका शब्दाचा हिशेब लागत नाही, म्हणून उत्तर चूक. दिवाकर हे उत्तर मात्र प्रत्येक शब्दाचा हिशेब देते. असा हिशेब मांडण्यालाच उकल म्हणतात. उकलीवाचून उत्तर हा केवळ तर्क असतो.

उकलीची ही जबाबदारी सोडविणाऱ्यावर आहे, तशीच रचणाऱ्यावरही आहे. त्याने वाचकाची दिशाभूल खुशाल करावी. परंतु खोटे सांगू नये. लॅटिन व ग्रीक शिकविणारे शिक्षक डी. एस. मॅकनट यांनी 'झिमेनीज' या नावाने वर्षानुवर्षे कोडी घातली आणि १९६६ साली एक पुस्तक लिहून या न्याय्य रचनेचे नियम सांगितले.

हा खेळ एकदा युद्धाच्या कामीही आला. दुसरे महायुद्ध चालू असताना, जानेवारी १९४२ मध्ये, 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्राने लंडन येथील आपल्या कचेरीत स्पर्धा भरविली. कोडे १२ मिनिटांत सोडवायचे होते. ज्याने सर्वांत आधी कागद दिला, त्याने एक शब्द अशुद्ध लिहिला होता. त्यामुळे तो बाद झाला! दुसऱ्या एका स्पर्धकाचा घंटा झाली तेव्हा एकच शब्द राहिला होता. तो हरला, परंतु काही आठवड्यांनी त्याला सरकारी पत्र आले. स्पर्धकांपैकी काही जणांना अशा रीतीने ब्लेचली पार्क येथील गुप्त कार्यासाठी बोलावण्यात आले. शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम तेथे चाले. वरच्या रूपाला न फसता आतील रचना शोधणारी आणि ती पडताळून पाहणारी माणसे तेथे हवी होती.

तुमच्या गणिताच्या वहीत नुसते उत्तर लिहिले, तर गुरुजी "रीत कोठे आहे?" असे विचारतात. शब्दकोडेही हेच विचारते. तेव्हा आज घरी गेल्यावर एक गूढ वाक्य तुम्ही स्वतः रचा आणि मित्राला घाला. त्याने उत्तर सांगितले की लगेच "शाबास" म्हणू नका. आधी विचारा, "कशावरून?"