घरघंटी की गिरणी?

‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ हा शब्द मी व्हायवापुरता पाठ केला होता. त्याची खरी किंमत कळली ती प्रोजेक्ट डेमोच्या आदल्या रात्री. आम्ही चौघांनी महिनाभर आपापल्या लॅपटॉपवर कोड लिहिला, शेवटच्या दिवशी पेनड्राइव्हने एकत्र केला आणि काय सांगू राव, चालणारे चार तुकडे मिळून न चालणारा एक प्रोजेक्ट तयार झाला! पहाटे चारला चूक सापडली. ती तीन आठवड्यांपूर्वीची होती.

हेच टाळण्यासाठी ही साधने असतात. कोणीही कोड जमा केला की एक वेगळे मशीन सगळ्यांचा कोड एकत्र घेऊन बिल्ड करते, टेस्ट चालवते आणि काही मोडले तर लगेच कळवते. चूक ताजी असते, म्हणून पटकन सापडते.

आता या साधनांचा बाजार कसा चालतो? मी केडगावचा, म्हणून उदाहरण घरचेच देतो. आमच्याकडे घरघंटी आहे, शेजारच्या काकू गिरणीवर दळण टाकतात. घरघंटीत दळण फुकट वाटते, पण वीज आपली, साफसफाई आपली, बिघडली तर धावपळही आपलीच. गिरणीत किलोमागे पैसे मोजायचे आणि नवरात्रात रांगेत थांबायचे.

सॉफ्टवेअरमधली घरघंटी म्हणजे जेनकिन्स. त्याच्याही आधी, २००१ मध्ये, थॉटवर्क्समधून ‘क्रूझकंट्रोल’ आले, तेही फुकट. पुढे सन मायक्रोसिस्टम्समध्ये कोहसुके कावागुची यांनी ‘हडसन’ लिहिले. सन ओरॅकलने विकत घेतल्यावर नावावरून वाद झाला आणि २०११ मध्ये त्याचेच ‘जेनकिन्स’ झाले. मशीन तुमचे, सांभाळायचेही तुम्हीच.

गिरणी म्हणजे ट्रॅव्हिस सीआय, सर्कलसीआय, गिटहब अ‍ॅक्शन्स. इथे मशीन त्यांचे, हिशोब मिनिटांचा. ट्रॅव्हिसने ओपन सोर्सवाल्यांना वर्षानुवर्षे फुकट दळून दिले. पण फुकटच्या मशीनवर काही महाभागांनी क्रिप्टोचे नाणे पाडायला सुरुवात केली, आणि २०२० मध्ये कंपनीने हात आखडता घेतला.

म्हणजे इथे सॉफ्टवेअर बऱ्याचदा फुकट मिळते, विकला जातो तो मशीनचा वेळ आणि सांभाळण्याचा त्रास. आपल्या मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेली ब्राउझरस्टॅकसुद्धा जवळपास हेच विकते. टेस्टसाठी शेकडो फोन आणि ब्राउझर तुम्ही विकत घेऊ नका, आमचे भाड्याने वापरा! २०२१ मध्ये तिचे मूल्य ४ अब्ज डॉलर धरले गेले.

आता आपल्या कामाचे. गिटहबच्या फुकट खात्यात खाजगी कोडसाठी महिन्याला २००० मिनिटे मिळतात. बिल्डला ५ मिनिटे धरली तर ४०० बिल्ड, म्हणजे चौघांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकी १००. कोड सर्वांसाठी खुला ठेवला तर साध्या मशीनवर तेवढीही मर्यादा नाही. आपल्या प्रोजेक्टला गिरणीच परवडते.

फक्त एक लक्षात ठेवा. दळण रोज टाकावे लागते. महिनाभराचे पोते शेवटच्या रात्री नेले, तर घरघंटी काय अन् गिरणी काय, पहाटे चार ठरलेलेच!