आवाज थांबले, पण आयुष्य पुन्हा सुरू झालं का? मानसिक आजारानंतरचं जगणं कसं मोजतात?

समजा, तिशीतला एक तरुण आहे. चार वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. कानात ऐकू येणारे आवाज, शेजारी आपल्याविरुद्ध कट करतायत हा संशय, रात्ररात्र जागणं, हे सगळं गोळ्या सुरू झाल्यावर थांबलं. दर महिन्याला ओपीडीत डॉक्टर विचारतात, "आवाज येतात का?" तो म्हणतो, "नाही." "झोप?" "लागते." गोळ्या तशाच पुढे चालू.

पण नोकरी सुटली ती सुटलीच. मित्रांचे फोन यायचे बंद झाले. घरात लग्नाचा विषय कुणी काढत नाही. दुपारपर्यंत तो अंथरुणात असतो आणि आंघोळीला जा म्हणून आईला तीनतीनदा सांगावं लागतं. केसपेपरवर मात्र 'तब्येत स्थिर' असं लिहिलेलं असतं.

मग हा माणूस बरा झाला, असं म्हणायचं का?

आजार वेगळा, जगणं वेगळं

जागतिक आरोग्य संघटनेने 'क्वालिटी ऑफ लाइफ', म्हणजे जगण्याचा दर्जा मोजण्यासाठी 26 प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आहे. शरीर, मन, नातेसंबंध आणि परिसर असे तिचे चार भाग आहेत. परिसरात पैसा, घर, सुरक्षितता, विरंगुळा, दवाखाना, अगदी प्रवासाची सोयसुद्धा येते. मागच्या दोन आठवड्यांत कसं वाटलं, हे त्या माणसाने स्वतः सांगायचं असतं. डॉक्टरांनी नाही, आईनेही नाही.

'आवाज येतात का' हा प्रश्न या 26 मध्ये नाही.

ही बाब छोटी वाटेल, पण गोंधळ इथेच होतो. स्किझोफ्रेनियात दोन प्रकारची लक्षणं असतात. भास आणि संशय ही डोळ्यांत भरणारी लक्षणं. औषधं त्यांच्यावर बऱ्यापैकी काम करतात. दुसरी लक्षणं गप्प असतात: उत्साह नसणं, बोलणं कमी होणं, काहीच करावंसं न वाटणं. यांच्यावर गोळ्यांचा फारसा परिणाम होत नाही. त्यात काही औषधांनी सुस्ती येते, वजन वाढतं. घरच्यांना वाटतं, आजार तर गेला, आता हा नुसता आळस आहे. मग रोजची भांडणं. आळस म्हणून ज्यावरून बोलणी बसतात, तो बऱ्याचदा आजाराचाच भाग असतो.

शरीराकडेही दुर्लक्ष होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं लवकर मरतात. यातले बरेच मृत्यू टाळता येण्यासारख्या शारीरिक आजारांमुळे होतात.

साताऱ्यात आणि गोव्यात काय करून पाहिलं?

दवाखान्यातल्या उपचारांना घरी जाऊन मदत करण्याची जोड दिली तर फरक पडतो का? हे तपासण्यासाठी सातारा, गोवा आणि तामिळनाडूमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या 282 जणांचा अभ्यास झाला. 2014 साली तो 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांना फक्त दवाखान्यातले नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांना त्यासोबत प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन भेटत होते. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. गोळ्या वेळेवर घेणं, घरच्यांना आजार समजावून सांगणं, दिवसाला काहीतरी वेळापत्रक लावणं, कामधंद्याकडे वळवणं, सरकारी योजनांपर्यंत पोहोचवणं, अशी त्यांची कामं होती.

वर्षभरानंतर या दुसऱ्या गटाची लक्षणं थोडी जास्त कमी झाली होती, आणि रोजच्या जगण्यातली अडचणही. फरक मोठा नव्हता, हेही सांगायला हवं. तो सर्वांत ठळक दिसला तामिळनाडूच्या ग्रामीण भागात. लोक काय म्हणतील या भीतीत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

सर्टिफिकेट घ्यायचं की नाही?

या अभ्यासात अडचण मोजायला 'आयडियाज' नावाची भारतीय मोजपट्टी वापरली होती. सरकारी दवाखान्यात मानसिक आजारासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र देतानाही तीच वापरतात. तिच्यात चार गोष्टी पाहतात: स्वतःची काळजी, इतरांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. आजार किती काळापासून आहे, याचेही गुण असतात. थोडक्यात, आजाराचं नाव कळलं एवढ्याने भागत नाही, माणसाचा दिवस कसा जातो तेही बघावं लागतं.

अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त ठरलं तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे फायदे मिळू शकतात. सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के आरक्षणात मानसिक आजाराचा समावेश आहे, पण तो 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता वगैरे गटांसोबत वाटून घ्यावा लागतो. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर केवळ त्या कारणाने काढून टाकता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. जुन्या करपद्धतीत 75 हजारांची वजावटही मिळते.

तरीही अनेक घरं प्रमाणपत्राच्या वाटेला जात नाहीत. कागदावर आलं की ठप्पा बसला, बहिणीच्या लग्नात अडचण येईल, ही भीती. तिला नुसती अडाणी समजूत म्हणून झटकून टाकणं सोपं आहे, पण स्थळं खरोखरच मोडतात. आणि खासगी नोकरीत दर महिन्याला ओपीडीसाठी सुट्टी मागताना कारण काय सांगायचं, हा प्रश्न कायद्याने सुटलेला नाही.

विम्याचंही असंच. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला हवं. पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच उपयोगी पडतात. दर महिन्याच्या गोळ्या आणि समुपदेशनाचा खर्च सहसा खिशातूनच होतो, आणि या आजारात माणूस वॉर्डपेक्षा घरीच जास्त असतो.

स्वतःसाठी किंवा घरातल्या कुणासाठी बोलायचं असेल तर सरकारची 'टेली मानस' हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत उपलब्ध आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.