मातीच्या लघुमूर्तींची वाहतूक

वीतभर किंवा त्याहून कमी उंचीच्या मूर्ती जेथे घडतात तेथून बाजारात, घरी किंवा खेळाच्या जागी न मोडता नेण्याच्या रीतीस लघुमूर्तींची वाहतूक असे म्हणता येईल. महाराष्ट्रात पोळ्याचे मातीचे बैल आणि दिवाळीतील किल्ल्यावर मांडावयाचे मावळे ही तिची परिचित उदाहरणे होत. पाश्चात्त्य देशांत पटावरील युद्धखेळासाठी रंगवलेल्या लघुसैनिकांबाबत हाच प्रश्न उभा राहतो.

मूर्ती का मोडते

मूर्ती पडूनच मोडते असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. पेटी हातातून न सुटताही मूर्ती मोडतात, कारण वाहन थांबले तरी पेटीतील मोकळी मूर्ती आपल्या वेगाने पुढे जाते आणि शेजारच्या मूर्तीवर किंवा पेटीच्या भिंतीवर आदळते. तेव्हा पेटी मजबूत असण्यापेक्षा आतील मूर्ती हलू न देणे अधिक महत्त्वाचे ठरते. मात्र जागा उरू नये म्हणून मूर्ती दाबून बसवल्यास सर्व भार शिंगे, कान, भाल्याचे टोक अशा बारीक भागांवर येतो व ते प्रथम तुटतात. आधार नेहमी जाड भागाला द्यावा. बैलाच्या बाबतीत तो पोटाला व पुठ्ठ्याला, माणसाच्या मूर्तीत पाठीला व बैठकीला द्यावा लागतो.

कळमनुरी परिसरातील पोळ्याचे बैल

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात, मराठवाड्यातील इतर भागांप्रमाणेच, श्रावण अमावास्येस पोळा साजरा होतो. ज्यांच्या दावणीला बैल नाहीत त्यांच्या घरी मातीच्या बैलांची पूजा होते. ट्रॅक्टर आल्यापासून अशी घरे वाढली आहेत. हे बैल साधारणतः जोडीने घेतले जातात आणि पूजेला भंगलेली मूर्ती चालत नाही. त्यामुळे एका बैलाचे शिंग गेले की विक्रेत्याची जोडीच अडते. वर्षातून एकदाच येणाऱ्या या विक्रीत दुरडीच्या तळाशी मोडलेली चार खोंडे म्हणजे कुंभाराच्या कित्येक दिवसांच्या श्रमाचे नुकसान होय.

अडचणीचे मूळ ऋतूत आहे. सण भर पावसाळ्यात येतो आणि हे बैल पुष्कळदा कच्च्या, म्हणजे न भाजलेल्या मातीचे असतात. कच्ची माती पाण्यात विरघळते. सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर तिच्यात जो कायमचा बदल होतो, तो या बैलांत झालेला नसतो. शिवाय या भागातील काळी रेगड माती ओली झाली की फुगते व वाळली की आकसून भेगाळते. म्हणून मूर्तीसाठी माती निवडून घ्यावी लागते आणि तिच्यात राख, लीद किंवा बारीक वाळू मिसळतात.

वरून कोरडा दिसणारा बैल आत ओलसर असू शकतो. असा बैल गालाला लावून पाहिल्यास गार लागतो. तो बांधून नेल्यास धक्क्याने पाय दुमडतात, किंवा दोन दिवसांनी भेग पडते. सावलीत सावकाश वाळवणे हीच वाहतुकीची पहिली पायरी आहे. बांधाबांध नंतर येते. भरणासाठी गव्हाचे काड, वाळलेले गवत किंवा चुरगळलेली वर्तमानपत्रे चालतात, मात्र ती पूर्ण कोरडी हवीत. ओल्या गवताचा दमटपणा थेट मातीत उतरतो आणि रंगावर डाग पडतात. वरून प्लास्टिकचा कागद घालणे आवश्यक असले तरी तो चारही बाजूंनी घट्ट आवळल्यास आतली वाफ कोंडून तोच परिणाम होतो.

पाटीत पहिला थर जाड भरणाचा असतो. त्यावर मोठे बैल एकाच दिशेने तोंड करून, पोटाखाली काड देऊन ठेवतात, म्हणजे एकाचे शिंग दुसऱ्याच्या अंगात रुतत नाही. लहान बैल वरच्या थरात येतात. डोक्यावरून नेलेल्या पाटीला धक्के कमी बसतात, कारण चालणाऱ्याचे गुडघे व मान ते शोषून घेतात. ऑटोरिक्षा किंवा टेम्पोत ही सोय नसते. तेथे पाटीखाली गोणपाटाच्या घड्या घालून तीच सोय करावी लागते.

किल्ल्यावरील मावळे

दिवाळीच्या किल्ल्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, भालदार, तोफा व घोडेस्वार मांडण्याची प्रथा विशेषतः पुणे व पश्चिम महाराष्ट्रात दिसते. या मूर्तींना तिकडे ‘चित्रे’ म्हणतात. साच्यातून काढता यावीत म्हणून त्यांची शस्त्रे अंगालगत असतात आणि पुष्कळ घोड्यांच्या पायांमधील जागा भरीव ठेवलेली असते. ही रचना वाहतुकीलाही उपकारक ठरते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती हलक्या व सुबक असल्या तरी ठिसूळ असतात. त्यांचे कोपरे उडतात आणि आतला पांढरा भाग उघडा पडतो. मुले मात्र कान तुटलेल्या घोड्यालाही बुरुजावर जागा देतात. पूजेच्या मूर्तीला जी सवलत नाही ती खेळातील मूर्तीला आहे.

युद्धखेळातील लघुसैनिक

इंग्लंडमधील ब्रिटन्स या कंपनीने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक ओतण्यास आरंभ केला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा सैनिकांनी खेळावयाच्या युद्धाचे नियम मांडले. आजचे सैनिक बहुधा २८ मिमी उंचीच्या प्रमाणाचे असून धातू, राळ किंवा प्लास्टिकचे असतात. ते नेण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एकीत फोमच्या तुकड्यात प्रत्येकासाठी खाच कापतात. दुसरीत बैठकीखाली चुंबक चिकटवून सैनिक लोखंडी पत्रा लावलेल्या पेटीत उभे करतात. फोममध्ये रंग घासला जाण्याची भीती असते. चुंबकाने रंग वाचतो, परंतु जड धातूच्या सैनिकाला लहान चुंबक पुरत नाही. मराठवाड्यासारख्या प्रदेशात उन्हाचाही विचार करावा लागतो. त्रिमिती छपाईत वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या मोटारीतील वस्तू त्या तापमानाच्या जवळ पोहोचू शकतात.

दुरुस्ती

कच्च्या मातीचे तुटलेले शिंग ओल्या मातीने जोडले तर नवी माती वाळताना आकसते आणि सांधा सुटतो. भाजलेल्या किंवा प्लास्टरच्या मूर्तीला गोंद चालतो. धातूच्या सैनिकाचा हात केवळ झटपट चिकटणाऱ्या डिंकाने जोडल्यास पुढील प्रवासात पुन्हा निखळतो, म्हणून दोन्ही भागांत बारीक छिद्र पाडून आत तारेचा तुकडा घालतात व मग चिकटवतात.