दुसऱ्या घरी आलेला पोपट

छातीवरची पिसे उपटून उघडा पडलेला, माणसाचा हात जवळ येताच किंचाळणारा आणि तरीही मधूनच जुन्या मालकिणीच्या आवाजात कोणाला तरी जेवायला हाक मारणारा करडा आफ्रिकी पोपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांचे अंतःकरण द्रवते आणि त्या भरातच ते त्याला घरी नेण्याचा निश्चय करतात. ही करुणा मला आदरणीय वाटते. परंतु अशा पक्ष्याची वर्षे केवळ करुणेवर निभत नाहीत, त्याच्या वर्तनामागची कारणे शोधण्याची चिकाटी त्याहून अधिक लागते.

हा पोपट मूळचा मध्य व पश्चिम आफ्रिकेतील अरण्यांतला. तेथे तो थव्याने राहतो आणि तेलताडाची फळे शोधीत दिवसाचा मोठा भाग हिंडतो. पाळण्यासाठी त्याची इतकी लूट झाली, की २०१६ साली वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराने अरण्यातून पकडलेल्या करड्या पोपटांचा व्यापारच निषिद्ध ठरविला. आयरीन पेपरबर्ग या विदुषींनी १९७७ पासून २००७ पर्यंत ज्याचा अभ्यास केला, तो ॲलेक्स याच जातीचा. वस्तूंचे रंग आणि आकार तो ओळखून सांगे, सहापर्यंतची संख्याही सांगे. अशा बुद्धीच्या, चांगल्या संगोपनात चाळीस-पन्नास वर्षे जगू शकणाऱ्या प्राण्याला दिवाणखान्यातला पिंजरा, वाटीभर सूर्यफुलाचे बी आणि सायंकाळपर्यंत निर्मनुष्य घर एवढेच लाभले, तर पुष्कळदा त्याची चोच अखेर स्वतःच्या देहाकडे वळते.

पीस उपटताना त्याच्याकडे निरखून पाहावे. चोचीच्या टोकात पिसाचे मूळ धरून तो ते जिभेने चाचपतो, ओढून काढतो आणि मग पंजात धरून त्याची दांडी चघळीत बसतो. छाती, मांड्या, पंखांखालची त्वचा उघडी पडली तरी डोके मात्र पिसांनी भरलेले राहते, कारण तेथवर त्याची चोच पोहोचत नाही. डोक्यावरचीही पिसे गेली असतील, तर रोगाचा किंवा सोबतच्या पक्ष्याचा संशय घ्यावा. म्हणूनच दत्तक घेणाराने प्रथम पक्ष्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठावा. विषाणू, त्वचारोग, यकृताचे विकार, जीवनसत्त्व ‘अ’ची उणीव, यांतले काहीही या उपद्व्यापाच्या मुळाशी असू शकते, आणि या जातीत कॅल्शियमच्या न्यूनतेने झटकेही येतात. पिसे वर्षानुवर्षे उपटली गेली असतील, तर त्यांची मुळे कायमची निकामी होऊ शकतात. तेव्हा हा पक्षी पुन्हा देखणा होईल या अपेक्षेने कोणी त्याला घरी आणू नये.

प्रकृतीची तजवीज झाल्यावर त्याला काम द्यावे. २००८ साली नेदरलंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की अन्न सहज न मिळता खटपट करून मिळवावे लागले, तेव्हा पिसे उपटणाऱ्या करड्या पोपटांचा पिसारा सुधारला. हे घरीही साधते: बदाम कागदाच्या पुडीत बांधावा, मक्याचे कणीस सालीसकट टांगावे, पेरूची ताजी फांदी सोलायला द्यावी. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट मात्र त्याला विषासमान आहेत, आणि तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ काही मिनिटांत त्याचा प्राण घेऊ शकते.

विश्वास संपादन करण्यास महिने लागतात, कधी वर्षही. आरंभी पिंजऱ्याशेजारून जाताना त्याच्या आवडीचा एखादा दाणा वाटीत टाकावा आणि न थांबता, न बोलता पुढे जावे; माणूस येतो तेव्हा चांगले घडते आणि आपल्यावर जुलूम होत नाही, एवढे त्याला पुनःपुन्हा कळू द्यावे. त्याच्या फिकट पिवळ्या डोळ्यांतल्या बाहुल्या झपाझप लहानमोठ्या होऊ लागल्या आणि मानेवरची पिसे उभी राहिली, की हात मागे घ्यावा. ही सूचना डावलली गेली, म्हणूनच पूर्वीच्या घरी तो चावायला शिकलेला असतो. त्याच्या किंचाळण्यावर ओरडू नये, कारण एकाकी पक्ष्याला ओरडणारा माणूसही उत्तर देणाराच वाटतो. थव्यातले पोपट एकमेकांना साद देऊन ठावठिकाणा विचारतात. आपणही दुसऱ्या खोलीतून एक ठरावीक शीळ द्यावी, आणि त्याने तीच शीळ दिली की तत्काळ प्रतिसाद द्यावा. रात्री दहा-बारा तास अंधार व शांतता मिळेल असा बंदोबस्तही हवा.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. आपल्याकडील हिरवा राघू वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये पाळता येत नाही. जखमी सापडला तर तो वनखात्याच्या हवाली करावा. करडा पोपट विदेशी असल्याने ठेवता येतो, तथापि २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी बंधनकारक आहे. तेव्हा देणाऱ्याकडून नोंदीचे आणि हस्तांतराचे दस्तऐवज मागून घ्यावेत.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. चाळिशीत हा पक्षी घेणाऱ्याच्या मागे तो राहण्याचा संभव पुष्कळ असतो, आणि त्याने तर आधीच एक घर गमावलेले असते. तेव्हा त्याचा पुढचा पालक आजच ठरवावा, त्याची संमती लेखी घ्यावी, आणि पक्ष्याला कशाची भीती वाटते, कोणता खाऊ आवडतो, कोणत्या शिळेला तो उत्तर देतो, याचे टिपण त्या कागदासोबत ठेवावे.