बाधा शिशाची

लग्न जुळवणारा मध्यस्थ दोन घरे जोडतो आणि अक्षता पडल्या की पुढच्या स्थळाकडे वळतो. रसायनशास्त्रातला उत्प्रेरक असाच. अभिक्रिया घडवून आणतो, स्वतः खर्ची पडत नाही. अभिक्रियेचा वेग ठरवणाऱ्या आकड्याला वेग-स्थिरांक म्हणतात. नावाने स्थिर, पण तापमानाबरोबर तो वाढतो. आणि योग्य उत्प्रेरक मिळाला तर कमी तापमानातही कित्येक पटींनी वाढतो.

हे पाहायला रसायनांच्या कारखान्यात जायला नको. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात तयार होणाऱ्या पेट्रोल मोटारींच्या धुराच्या नळीतच एक छोटा रिअॅक्टर बसवलेला असतो. तो म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मधाच्या पोळ्यासारख्या त्याच्या छिद्रांत प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे सूक्ष्म कण असतात. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा तिथे कार्बन डायऑक्साइड होतो, न जळालेले पेट्रोल जळते, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन होतो. इंजिन गार असताना हा गडी झोपलेला. अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास जागा होतो.

पण खर्ची न पडणारा म्हणजे अमर नव्हे. अति उष्णतेने धातूचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, इंजिन ऑइलमधला फॉस्फरस वर साचतो आणि काम करणारी जागा घटते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मुद्दल तेवढेच, व्याज मात्र उतरत जाते.

सर्वांत घातक शिसे. त्याचे एक संयुग पेट्रोलमध्ये घातले की इंजिनाची खडखड थांबते, हे अमेरिकेत थॉमस मिजली यांना 1921 साली आढळले. शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते. धोक्याचे इशारे मिळूनही ते पेट्रोल दशकानुदशके विकले गेले. मग 1975 च्या अमेरिकन मोटारींना कन्व्हर्टर बसले. शिसे त्यांना निकामी करत होते, म्हणून बिनशिशाचे पेट्रोल पंपांवर आणावेच लागले. आपल्याकडे 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर बिनशिशाचे पेट्रोल आले. जगात शेवटी ते बंद झाले अल्जीरियात, 2021 साली.

मुलांना होणाऱ्या बाधेने जे लवकर हलले नाही, ते धातूला झालेल्या बाधेने हलवले. आता शिसे गेले, तरी जुन्या गाडीतून निळसर धूर येऊ लागला तर समजावे, ऑइल जळते आहे आणि आपला मध्यस्थ निकामी होतो आहे. गॅरेजला जायला उशीर करू नये. सिग्नलला उभ्या गाडीची धुराची नळी आणि मागच्या स्कूटरवर पुढे उभे असलेले मूल यांच्यात अंतर फार नसते.